दोघांचा बाक

पियानोचं कौतुक सगळेच करतात. त्याच्यापुढच्या बाकाला कोण विचारतं? तो बाक मी. आज न विचारताच बोलतोय.

सुतार मला घडवत होता तेव्हा मुलांची आई समोर उभी होती. "दोन खुर्च्या दिल्या की जागेवरून भांडतात," ती म्हणाली. "एकच लांब बाक करा. मग जातील कुठे!"

थोरली ताई डावीकडे बसायची, धाकटा भाऊ उजवीकडे. त्याला सगळे चिमण म्हणत, मिशा फुटल्यावरही. एकाच पियानोवर चार हात. सुरुवातीला कोपरं लागायची, "सरक ना!" "तूच सरक!" असा दंगा चालायचा. पुढे दोघं एकाच वेळी श्वास घेऊ लागली आणि माझ्यावर एकच माणूस बसलंय असं मला वाटायला लागलं.

मग काय, सभागृहं, बक्षिसं, दौरे! मीही बरोबर असायचो. वरची सुरावट चिमणकडे, त्यामुळे वाहवा त्याची. ताई खालचे सूर आणि पेडल सांभाळायची. तिची कधी तक्रार नव्हती.

पस्तिशीनंतर चिमणच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाजवताना आत वळायला लागली. एरवी तो कप धरी, शर्टाची बटणं लावी. पियानोवर मात्र ती ऐकेनात. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचं आणि बोटांचं बिनसलंय. खात्रीचा इलाज नाही."

ताई त्याच्या वाट्याचे सूर गुपचूप स्वतः वाजवू लागली. हात लांबवताना तिचं वजन उजवीकडे यायचं. मला कळायचं, प्रेक्षकांना नाही. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, "भावाच्या वादनात आता विलक्षण संयम आलाय." ते वाचून चिमण पोट धरून हसला. हसता हसता रडला.

"माझे सूर तू का वाजवतेस?"

"नाही वाजवले तर लोकांना कळेल."

"कळू दे! मी काय शोभेला बसलोय?"

त्यानंतर तो माझ्यावर वाजवायला बसला नाही.

आयोजकांनी ताईला नवा जोडीदार दिला. हुशार, नम्र. पहिल्याच तालमीत ती मध्येच थांबली.

"माझं काही चुकलं का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही हो. तुमचं काहीच चुकत नाहीये," म्हणाली आणि पियानो बंद केला.

एकटीनंही करून पाहिलं, जमेना. एक दिवस चिमण म्हणाला, "माझ्यापायी तुझंही वाटोळं झालं." ती 'नाही रे' म्हणेल म्हणून तो थांबला. ताई सुरांच्या वह्या आवरत राहिली. तो दुसऱ्या गावी निघून गेला.

पियानो विकला गेला. घेणाऱ्याला एकट्यापुरतं स्टूल हवं होतं, म्हणून मी मागे राहिलो. आता दारापाशी असतो. अंगावर पिशव्या, छत्र्या. गादी उसवलीय.

आई गेली तेव्हा चिमण आला होता. निघताना टॅक्सीची वाट बघत दोघं माझ्यावर बसली.

"शिकवतेस का कुणाला?"

"नाही. हात कसा आहे?"

त्यानं हात खिशात घातला. खाली हॉर्न वाजला.

"जातो," तो म्हणाला. 'जातो नाही, येतो म्हणावं,' असं ताई त्याला लहानपणापासून दटावायची. या वेळी तिनं नुसतं दार उघडलं.

मला दुरुस्त करायच्या भानगडीत कुणी पडू नका. लाकूड चांगलं आहे, कुणाला हवं तर फोडून न्या. मीही जातो.