दंवात ठेवलेली लसपेटी

मी एक जुनी लसपेटी आहे, मित्रांनो, आणि सोशिकपणा हा माझा गुण नाही. माझ्या जाड भिंतींचे काम एकच : आतले तापमान दोन ते आठ अंशांच्या दरम्यान राखणे. उन्हाने लस बिघडते, हे सर्वांना पटते. अति थंडीनेही बिघडते, असे सांगितले की लोक हसतात.

पेरूमधल्या पुनोच्या पठारावर माझी उमेदीची वर्षे सरली. नर्स योवाना मला रंगीत कापडात, तान्हे मूल बांधावे तशी पाठीला बांधून वस्त्यांवर नेई. आरंभी माझे कौतुक झाले. पुढे दवाखान्यातल्या मंडळींनी माझ्यात चीज आणि सरबताच्या बाटल्या ठेवल्या. तो अपमान मी विसरलेली नाही.

पण माझा खरा संताप एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या सातुर्निनाच्या अंगणातला आहे. त्या वर्षी रस्ता खचल्याने फ्लूच्या लशी उशिरा, जूनमध्ये आल्या. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. लोक तेव्हा बटाटे अंगणात पसरून दंवात गोठवतात, तुडवतात, वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. योवाना सातुर्निनाकडे मुक्कामाला होती. घरात चूल पेटलेली पाहून म्हातारीला माझी दया आली. तिने मला बटाट्यांच्या शेजारी नेऊन ठेवले आणि वर झाकणही उघडले.

सकाळी कुप्या गोठलेल्या निघाल्या.

"मावशी, हिला बाहेर कुणी ठेवलं?"

"मीच. गारव्यात टिकतं, असं तूच म्हणालीस ना? आमचे बटाटे टिकतात, तुझं औषध काय राजघराण्यातलं आहे?"

"बटाटा गोठला की चुन्यो होतो, मावशी. लस गोठली की वाया जाते."

दूरच्या माळांवरून माणसे चालत आली होती. गावप्रमुख फाउस्तो म्हणाला, "चुलीपाशी धरा, वितळेल. सुई ती सुईच. कुणाला कळणार आहे?"

"शरीराला कळेल," योवाना म्हणाली.

तेव्हा सातुर्निनाची सून निएवेस पुढे आली. तिला सातवा महिना होता. अशा दिवसांत फ्लू फुप्फुसांवर उलटण्याचा धोका अधिक. शिवाय आईने घेतलेली लस बाळालाही जन्मानंतर काही महिने जपते. "ताई, मला तरी टोच. परत पाणी झालंय की."

"पाणी झालंय गं. लस नाही झाली."

"बरंच झालं," सातुर्निना म्हणाली. "गेल्या साली टोचून घेतली आणि दोन दिवसांत फणफणले. लसच फ्लू देते."

मित्रांनो, या वाक्याची मला चीड आहे. टोचण्याच्या लशीत विषाणू जिवंत नसतो. तो फ्लू देऊच शकत नाही. एखादा दिवस अंग कसकसेल, इतकेच. संरक्षण तयार व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात खरा आजार गाठू शकतो. विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते.

निएवेस दुधाच्या ट्रकने योवानाबरोबर खाली गेली आणि दवाखान्यात लस घेऊन आली. योवाना नव्या कुप्या घेऊन परतली. बहुतेकांनी बाह्या वर केल्या. सातुर्निनाने दंडावर शाल ओढली. "तीच पेटी. पुन्हा बिघडलं नसेल कशावरून?"

बिघडवले कुणी, हे मी मोठ्याने विचारू शकले नाही.

मग फ्लू आला. निएवेसलाही आला; अंग दुखले, ताप उतरला, ती उठली. सातुर्निनाला श्वास पुरेना, म्हणून तिला दवाखान्यात आणले. एका घरावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणते. लस धोका कमी करते, नाहीसा करत नाही. तेही पुष्कळ माणसांची तुलना करून ठरलेले आहे.

कपाटावरून मला सारे ऐकू येत होते. ऑक्सिजनच्या नळीआडून म्हातारी कुजबुजली, "बघ, टोचूनही तुला ताप आलाच ना?"

"आला, आई," निएवेस म्हणाली. "आणि आता मी तुमचे पाय चेपतेय."

मित्रांनो, लस कशी ठेवली होती, हे नर्सला अवश्य विचारा. शंका घेणे हे शहाणपण आहे. पण उत्तर मिळाले की बाही वर करा. उत्तर ऐकूनही जो शंकाच कुरवाळत बसतो, त्याला आम्ही पेट्या हट्टी म्हणतो. आणि हट्टाला विषाणू बिचकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.