पावलातलं पाणी

धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना पाय चिखलात रुततो. तो उपसून मागे टाकला की पुढे एक खळगा राहतो आणि त्यात हळूहळू पाणी भरतं. कधीकधी त्यात बोटाच्या पेराएवढा मासाही अडकतो. त्या पाण्याला कुंता एक शब्द वापरायची. तिचं माहेर तिरोड्याकडचं, शब्दही तिकडचाच असावा. मी आमगावचा, त्यातून शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेला. शेतातले शब्द माझ्याकडे आले ते बायकोकडूनच. ती गेल्यावर ते लिहून काढायला बसलो, तेव्हा बरेच आठवले. हा आठवला नाही.

तिच्या भावाला, इंदरलालला, विचारलं.

"पान्याले पानीच म्हनतेत ना, भाऊजी," तो म्हणाला. "आनखी काय म्हनन?"

पुढे कोणाला विचारायचा मला धीर झाला नाही. म्हातारा बांधावर उभा राहून पावलातल्या पाण्याचं नाव विचारतो, हे मलाच बरं दिसेना.

त्या दिवाळीला आमचा मुलगा धनेंद्र हैदराबादहून आला. तो तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. म्हणाला, "बाबा, तुमच्या शब्दांची वेबसाइट काढून देतो. जगात कुठंतरी कोणीतरी वाचेल." जिथे फुकट जागा मिळते तिथे त्याने साइट उभी केली, पान कसं चढवायचं ते दाखवलं आणि भाऊबीज झाल्यावर निघून गेला. माझ्या मनात त्याचा 'कोणीतरी' तेवढा राहिला.

स्टेशनरोडला दुर्गेश्वरीचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर मागच्या खोलीत गेले होते आणि पुढे चार कॉम्प्युटर आले होते. कीबोर्ड मात्र बोटांना ओळखीचा, जुन्या मराठी यंत्रासारखाच. तिने मला फॉन्ट लावून दिला आणि मी दुपारी जाऊन बसू लागलो. धुरा, तनीस, इरा, चुरणा. एकेक शब्द, त्याचा अर्थ आणि कुंता तो कधी म्हणायची ते. शेवटच्या पानावर माझा प्रश्न: हा शब्द कोणाला आठवतो का? खाली माझा ईमेलचा पत्ता.

फोनवर धनेंद्रला सांगितलं, सगळं चढवलं म्हणून. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "पाहिलं बाबा. छान झालंय."

कोणाचंही पत्र आलं नाही. पावसाळा जवळ आला तरी नाही. शोधयंत्रात इंग्रजी अक्षरांत 'तनीस' टाकलं तर भलतंच काहीतरी यायचं, माझं पान कुठेच नाही. मी समजून गेलो की वाचण्यासारखं माझ्या हातून काही झालेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं लावून ठेवणाऱ्याने स्वतः लिहायला जाऊ नये, असंही वाटलं.

एके दिवशी दुर्गेश्वरीने साइटच्या मागच्या बाजूची नोंद उघडली. कोण कधी आलं ते तिथे दिसतं.

"काऊन जी गुरुजी, कोनी येत नाही म्हनता? हा पाहा, दर आठवड्याले पावना येऊन राह्यला ना तुमच्या घरी!"

रविवारी धनेंद्रला विचारलं.

"तो माणूस नाही, बाबा. सर्च इंजिनचा प्रोग्रॅम असतो. सगळ्यांच्या साइटवर फिरतो, पानं वाचून नेतो. मग कोणी शोधलं की दाखवतो."

"मग आपलं का दाखवत नाही?"

"बघतो. वेळ मिळाला की बघतो."

मी पुन्हा विचारलं नाही. पण त्या पाहुण्याची मला सोबत वाटू लागली, हे खरं आहे. माणूस नसेना का, वाचून तर नेतो. तो यायच्या आत मी पानांतलं शुद्धलेखन तपासून ठेवायचो. घरी कोणी येणार असलं की कुंता अंगण सारवून घ्यायची, तसं.

शेतात धानाचे रोवणे सुरू झाले होते. इन्स्टिट्यूटमध्ये आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. मनात आलं की निदान आपला प्रश्न तरी जसाच्या तसा शोधून पाहावा. पानावरचं वाक्य उचललं आणि शोधायच्या चौकटीत टाकलं.

चौकटीत मराठी आलंच नाही. सुटी इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, स्वल्पविराम, डॉलरचं चिन्ह. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

दुर्गेश्वरी उठून आली. पानावरचं वाक्य आणि चौकटीतली अक्षरं तिने ताडून पाहिली.

"आत्ता समजलं," ती म्हणाली. "आपला फॉन्ट म्हनजे वरचं सोंग, गुरुजी. आत इंग्रजीच हाय. इथं फॉन्ट टाकून हाय म्हून आपल्याले मराठी दिसते. त्या पावन्याले हे असंच दिसत असन."

म्हणजे तो इतके दिवस येऊन ही रद्दी नेत होता. आणि मी त्याच्यासाठी वेलांट्या सुधारत होतो.

"माह्यामुळंच झालं ना हे," ती म्हणाली. "मीच तं लावून देल्ला होता."

"तुझं काय त्यात," मी म्हणालो. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

फॉन्ट नसेल तर असंच दिसतं. पाहुण्याला, आणि दुसऱ्या कोणालाही. हैदराबादलाही. पान एकदा उघडलं असतं तरी धनेंद्र म्हणाला असता, बाबा, हे काय वेडंवाकडं दिसतंय? तो तर म्हणाला होता, छान झालंय.

त्याच्या कॉम्प्युटरवर हा फॉन्ट असेलही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. घरी जाईपर्यंत सांगत होतो.

फॉन्ट बदलून देणारा एक प्रोग्रॅम दुर्गेश्वरीने आणला, पण त्यातून वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. शेवटी मी सगळं नव्याने टाइप करायला घेतलं, युनिकोडमध्ये. त्यात आतलं आणि बाहेरचं अक्षर एकच असतं. कळा जुन्या जागी नव्हत्या आणि बोटं सारखी चुकायची. रोवणे संपले, धान निसवलं, तरी मी चालूच होतो. धनेंद्रला सांगितलं नाही. रविवारी तो "काय चाललंय?" विचारायचा, मी "ठीक" म्हणायचो.

शेवटचं पान चढवताना दुर्गेश्वरीने मथळा वाचला. 'शब्दसंग्रह, पान सातवे.'

"असं कोन शोधन जी?"

"मग काय लिहू?"

"तुमी सोता काय टाकून शोधलं असतं? तेच लिवा ना वरतं."

मी विचार करत बसलो. ज्याचं नावच हरवलंय ते शोधताना माणूस काय टाकेल? तिरोड्याचं नाव टाकणार नाही, बोलीचं नाव टाकणार नाही. मी साधं लिहिलं: 'चिखलात पावलाच्या ठशात साचलेल्या पाण्याला काय म्हणतात?'

पाहुणा येऊन गेला. पुढे काही दिवसांनी शोधून पाहिलं, तर माझं पान सगळ्यात वर होतं. खाली दुसरं कोणी नव्हतंच म्हणा, त्या प्रश्नाला.

थंडी पडल्यावर पत्र आलं. रायपूरहून, रुख्मा नावाच्या बाईंचं.

'नमस्कार. मी हाच शब्द शोधत होते. माझी आई म्हणायची. ती आता नाही आणि माझ्या घरी सगळे हिंदी बोलतात, कोणाला विचारू? आई त्या खळग्यात पाय ठेवू देत नसे. मासा राहतो त्यात, म्हणायची. तुम्हाला कोणी शब्द सांगितला तर मलाही कळवाल का?'

मी ते पुन्हा वाचलं. कुंताही पाय ठेवत नसे. घाईत असली तरी बाजूने जायची, आणि मागून येणाऱ्या मला हाताने दाखवायची, इकडून. ही गोष्ट मी कुठल्याच पानावर लिहिली नव्हती. आठवलीच नव्हती.

"मिळाला का जी शब्द?" दुर्गेश्वरीने पलीकडून विचारलं.

"नाही. त्यांनाही माहीत नाही."

"मंग हसून कायले राह्यले?"

मी हसत होतो हे मला ठाऊक नव्हतं. उत्तराचं पान उघडलं. 'सौ. रुख्माबाई यांस' लिहिलं, सौ. खोडलं, कोण जाणे. मग लिहिलं, 'आपलं माहेर कोणत्या गावचं?' एवढं एकच वाक्य झालं. बाई परक्या, आणखी काय लिहावं ते सुचेना. वेलांट्या तपासल्या, पुन्हा तपासल्या.

"धाडा ना आता," दुर्गेश्वरी म्हणाली. "बराबर हाय ते."