सर्व्हरची दृष्ट

डोंगरांतल्या कारा-बुलुंगच्या क्षयरुग्णालयात त्या सकाळी सर्व्हरच्या खोलीबाहेर जी गर्दी लोटली होती, ती घोड्यांच्या शर्यतीलाही लोटत नाही. धापा टाकणारे रोगी होते, परिचारिका होत्या, स्वयंपाकघरातल्या बायका तर कणकेचे गरम बोर्सोक तळूनच घेऊन आल्या होत्या. आत गावची मांत्रिकीण तोकोन आपा अर्चा झाडाची धुमसती डहाळी घेऊन यंत्राभोवती फिरत होती.

"लोखंडाला दृष्ट लागलीय!" ती घुमायला लागली. "विजेतली भुतं मानगुटीवर बसलीत. प्लग काढा! लोखंड मेल्याशिवाय पुन्हा जन्मायचं नाही!"

बॅकअपचं जुनं सॉफ्टवेअर मध्येच अडकून पडलं होतं आणि नवं काही केल्या बसत नव्हतं. त्यामुळे रोग्यांच्या छातीच्या फोटोंची दुसरी प्रतच निघेना. शेवटी आपाला बोलावणं धाडलं ते खुद्द संगणक अभियंता मेलिसने. राजधानीतली पदवी घेऊन आलेला माणूस तो! प्लग काढला, धुरी झाली, मंत्र झाले, प्लग लावला. मेलिसने भीतभीत नवं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला घेतलं, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. गर्दीला गहिवरून आलं. संचालकसाहेबांनी आपाला मेंढी कबूल केली. मेलिसची पदवी भिंतीवर राहिली आणि सर्व्हरला ताईत बांधला गेला.

डॉक्टर बुरुल या साऱ्याकडे पाहून हसली आणि कामाला लागली. तिचं हसू दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी तुर्सुनायने गोळ्यांची वाटी परत केली. सहा महिन्यांचं बाळ सासूपाशी ठेवून ही पोर इथे उपचार घेत होती.

"गोळ्यांनी मळमळतं, एजे," ती बुरुलला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत म्हणाली. "मी आपाची धुरी घेणार आहे."

"क्षयाला धुरी? डोकं फिरलंय का तुझं?"

"पदवीवाल्याला जमलं नाही ते आपाला जमलं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. लोखंड बरं झालं, मग माझं फुप्फुस काय लोखंडाहून कठीण आहे?"

सर्व्हरने ताईतच काय, पैंजण घातले असते तरी बुरुलची ना नव्हती. पण ही पोर गोळ्या अर्ध्यावर सोडून जिवाला मुकली असती. बुरुल तरातरा मेलिसकडे गेली.

"खरं सांग, दर वेळी बसवताना पडद्यावर काय यायचं?"

"नेहमीचंच. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा."

"मग?"

"मी 'नंतर' दाबायचो."

"का रे बाबा?"

"साहेबांचा हुकूम! तीन हिवाळे यंत्र बंद झालेलं नाही. बंद केलं आणि उठलंच नाही, तर जबाबदारी कोणाची?"

"आणि आपाने बंद केलं तेव्हा?"

"तेव्हा भुतांची," मेलिस मान खाली घालून म्हणाला.

नवं सॉफ्टवेअर अजून दोन यंत्रांवर बसवायचं होतं, क्ष-किरण खोलीत आणि औषधांच्या खोलीत. दोन्हीकडे रडगाणं तेच. बुरुलने तुर्सुनायसकट सगळ्या गर्दीला पुन्हा बोलावलं.

"आपा, क्ष-किरण खोलीतल्या यंत्राला हवी तेवढी धुरी द्या. फक्त प्लगला हात लावायचा नाही."

"प्लग काढल्याशिवाय भुतं जायची कशी?"

"का? भुतं धुराने पळतात की प्लगने?"

सगळे आपाच्या तोंडाकडे बघायला लागले. बिचारीला धुरी द्यावीच लागली. खोली धुराने भरली, मेलिसचे डोळे चुरचुरले, आणि पडद्यावर लाल फुली आली. औषधांच्या खोलीत ना धूर ना मंत्र. तिथे मेलिसने यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि सॉफ्टवेअर बसवलं. हिरवी खूण!

"त्याची दृष्ट हलकी होती," आपा म्हणाली.

मेलिसने मुकाट्याने क्ष-किरणवाल्या यंत्राचाही प्लग काढून परत लावला. तिथेही सॉफ्टवेअर बसलं.

"बघा! माझी धुरी जरा उशिरा लागते!" आपा ओरडली. या वेळी मात्र परिचारिकासुद्धा हसल्या.

"जुनं सॉफ्टवेअर धड काम करत नव्हतं आणि जागाही सोडत नव्हतं," बुरुल सर्वांना म्हणाली, "निवृत्त होऊनही खुर्चीला चिकटलेल्या साहेबासारखं. यंत्र बंद केल्यावर ते सुटलं, नव्याला जागा मिळाली. आपा घरोघरी फ्रिजचे न् टीव्हीचे प्लग काढते. निम्मे आपोआप चालू होतात. उरलेल्यांना म्हणे मोठी दृष्ट! डोळ्यांनी पाहिलंत ते खरंच घडलं. पण कशामुळे घडलं, ते एकेक गोष्ट वगळून तपासा. मग खुशाल विश्वास ठेवा."

संचालकसाहेबांना एकाएकी महत्त्वाचं काम आठवलं. गर्दी पांगली. तुर्सुनाय तेवढी उभी राहिली.

"म्हणजे नुसतं बंद करून सुरू केलं?"

"एवढंच. पण तुला बंद केलं तर पुन्हा सुरू नाही करता येणार मला."

तुर्सुनायने जरा विचार केला. "एजे, मग गोळ्यांचंही असं तपासलंय का कुणी? गोळ्या वगळून?"

बुरुलला तो प्रश्न मनापासून आवडला. "तपासलंय ना. पूर्वी या डोंगरांत गोळ्या नव्हत्याच, नुसती धुरी होती. ती सगळी माणसं वरच्या कब्रस्तानात आहेत."

तुर्सुनाय खिडकीतून टेकडीकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली. "पण चहाबरोबर घेईन. फार कडू आहेत."