दहा मोजून झाल्यावर

फ्रेमवाला वाईट माणूस नाही, असं गल्लीत सगळे म्हणत. गल्ली ज्याच्याबद्दल असं एकमुखानं म्हणते, त्याच्या घरात एकदा डोकावून यावं.

दुकानात तो काच अशी उचलायचा, जसं तान्हं बाळ उचलावं. घरी आला की हात मोकळे व्हायचे.

शाळेनं पालकांसाठी एक योजना आणली होती. रोज संध्याकाळी फोनवर एका ताईंचा आवाज यायचा, साखरेच्या पाकातून काढल्यासारखा. वयात आलेल्या मुलांशी कसं वागावं, हे ताई सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "आजचा सल्ला पाळलात ना? हो असेल तर एक दाबा." एक दाबलं, की फोनवर चांदणी उगवायची. फ्रेमवाल्याला आयुष्यात कुणी शाबासकी दिली नव्हती. त्याला चांदण्यांचं वेडच लागलं.

एके दिवशी ताई म्हणाल्या, "राग आला, तर हात उचलण्याआधी दहापर्यंत मोजा."

फ्रेमवाल्यानं सल्ला शब्दशः पाळला. दहानंतर काय करायचं, हे ताईंनी सांगितलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या अकलेनं केलं.

त्याची मुलगी ठकी आठवीत होती. आधी थप्पड अचानक यायची आणि विषय संपायचा. आता भिंतीला पाठ लावून तिला आख्खी मोजणी ऐकावी लागे. सातपाशी तिचे खांदे आपोआप कानांपर्यंत जायचे. दहा व्हायचे, थप्पड बसायची आणि बाप फोन काढून एक दाबायचा. चांदणी.

"अहो, राग जावा म्हणून मोजायचं असतं!" ठकीची आई ओरडायची. ती छपाईच्या दुकानात अक्षरजुळणी करायची, पत्रिका आणि पाट्या.

"मग जातो ना," फ्रेमवाला म्हणायचा. "मारलं की लगेच जातो."

योजनेत मदतही होती. योजनेला फोन लावून तीन दाबायचं. पण शाळेनं प्रत्येक घरातून एकच नंबर घेतला होता, घरातल्या कर्त्याचा. एका सकाळी फ्रेमवाला आंघोळीला गेल्यावर आईनं त्याचाच फोन उचलून योजनेला लावला आणि तीन दाबलं.

मदत आली. तत्परतेनं आली, आणि ज्याचा नंबर होता त्याच्याच फोनवर, दुकानात, संदेश बनून आली. "मदत मागितल्याबद्दल तुमचं कौतुक! तुमच्या घरात मुलांना कुणी मारतं का? हो असेल तर एक दाबा." फ्रेमवाल्यानं सवयीनं एक दाबलं. चांदणी आली. मग त्यानं मजकूर वाचला.

घरी येऊन त्यानं विचारलं, "तीन कुणी दाबलं?"

आईनं तोंड उघडायच्या आत ठकी म्हणाली, "मी."

त्या दिवशीही त्यानं दहा मोजले, नाही असं नाही. पण घाईघाईत मोजले आणि थप्पड कानावर बसली. तेव्हापासून कुणी बोललं की ठकी मान वळवायची. आई दवाखान्याचं नाव काढायची, तर तो म्हणायचा, "कान काय, आपोआप भरून येतो. आणि विचारलं तर पडली म्हणून सांगायचं."

पुढच्याच आठवड्यात योजनेच्या मॅडम दुकानात आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात कॅमेरा. सगळ्यात जास्त चांदण्या फ्रेमवाल्याच्या. आदर्श पालक म्हणून त्याचा व्हिडिओ काढायचा होता. त्यानं निरोप धाडून बायको-मुलीला धुतलेल्या कपड्यांत बोलावून घेतलं आणि आपण रिकाम्या सोनेरी चौकटींसमोर उभा राहिला.

"दादा, योजनेमुळे काय बदल झाला?"

"खूप. आधी मी न मोजताच मारायचो."

मॅडम गोड हसल्या. "आणि आता?"

"आता मोजून मारतो."

मॅडमचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "म्हणजे... दादा, 'आता मोजतो' एवढंच म्हणा. पुढचं आपण कापू."

"काही कापायचं नाही," आई म्हणाली. "तेवढंच खरं आहे त्यात."

"तू मध्ये बोलू नकोस," फ्रेमवाला म्हणाला.

"ताई, मला आज संध्याकाळी हा पाठवायचाय हो," मॅडम काकुळतीला आल्या. मग ठकीकडे वळल्या. "बाळा, तू सांग. बाबा आता कसे वागतात?"

ठकीनं मान वळवली. मॅडमनी पुन्हा विचारलं, आणखी गोड आवाजात.

"या बाजूनं बोला ना," ठकी म्हणाली. "तिकडच्या कानाला ऐकू येत नाही."

मॅडमनी कॅमेरा खाली केला. एवढ्या दिवसांत योजनेतल्या माणसानं योजनेतलं मूल पहिल्यांदाच पाहिलं असावं. "कधीपासून?"

"तीन दाबलं तेव्हापासून," आई म्हणाली. "मी दाबलं होतं. हिनं अंगावर घेतलं. तुमची मदत यांच्या हातात पडली, मॅडम. आता चला दवाखान्यात. तो व्हिडिओ पुसायचा नाही, बरोबर घ्यायचा."

"अगं, मी दहा मोजले होते! विचार तिला!" फ्रेमवाला खरोखरच दुखावला होता. "मॅडम, तुम्ही तरी सांगा. मी चुकलो कुठं?"

मॅडमनी रिक्षाला हात केला.

डॉक्टर म्हातारे, अनुभवी आणि गल्लीतलेच होते. त्यांनी कानात दिवा घातला, पडदा फाटलाय म्हणाले, जपायला हवं म्हणाले. मग कागद पुढं ओढून त्यांनी आईकडे चष्म्यावरून पाहिलं.

"पडली लिहू ना? उगाच पोलिसांची कटकट कशाला? फ्रेमवाला तसा वाईट माणूस नाही."

ठकीनं आईकडे पाहिलं. मॅडमनी जमिनीकडे.

"मारली लिहा," आई म्हणाली. "बापानं. या मॅडमकडे त्याच्याच तोंडचं आहे, ऐकून घ्या आधी."

"बाई, घरातल्या गोष्टी—"

"मारली," आईनं कागदावर बोट ठेवलं. "आणि म चा काना गाळू नका, डॉक्टर. पोरीचा एक कान गेलाय, तेवढा पुरे."