आतल्या बाजूची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी मूठ आहे. एका लहानशा घरातल्या शिवणाच्या खोलीच्या दाराला, आतल्या बाजूने, मी एकोणतीस वर्षं होते. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात आहे. सोबत घरातल्या इतर दारांच्या मुठी आहेत, गंजके स्क्रू आहेत आणि माझी जुळी बहीण आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ओलसर वाळूच्या साच्यात वितळलेलं पितळ ओतलं आणि ते निवल्यावर साचा फोडून मला बाहेर काढलं. तेव्हा मी कांद्याएवढी, काळपट आणि खडबडीत होते. तिथल्या एका बाईंनी फिरत्या चाकावर मला इतकं घासलं की त्यांचा घामेजलेला चेहरा माझ्यात दिसू लागला. मग मला आणि बहिणीला त्यांनी एकाच कागदात गुंडाळलं. दाराला मुठी दोन लागतात ना, एक आत आणि एक बाहेर. दोघींना जोडणारी चौकोनी सळई दारातून आरपार जाते. मूठ फिरली की सळई फिरते, सळई फिरली की कुलपाची जीभ आत ओढली जाते आणि दार उघडतं. दारावर चढल्यापासून आम्ही दोघी एकाच सळईवर जगलो, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. मध्ये दार होतं.

त्या घरात दोनच माणसं राहत. काका बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. निवृत्त झाल्यावर कानाला मशीन लागलं, पण दुपारी ते काढून ठेवत आणि म्हणत, "जगाची कटकट बंद!" काकू कपडे शिवत. अख्खी गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणे. नवा कपडा अंगात घालून बघायला माणसं आमच्या खोलीत येत, दार लावून घेत आणि आरशासमोर वळून वळून स्वतःला न्याहाळत. खूश होऊन बाहेर पडताना त्यांचा हात माझ्यावर पडे. खुशीत असलेल्या माणसाचा हात हलका असतो, हे मी तिथे शिकले. दर आठवड्याला काकू चिंधीने मला पुसत. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, तुमच्या दाराची मूठ सोन्याची वाटते हो!" मित्रांनो, पुढे आठ दिवस मी फुगून बसले होते.

वर्षं गेली. काकूंची बोटं दुखू लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. सांधे सुजले, बोटं एका बाजूला कलली. सुई धरता येई, पण माझ्यासारखी गोल गुळगुळीत मूठ पकडून पिळणं त्यांना जमेना. आणि त्याच सुमारास मीही म्हातारी झाले. मला सळईवर घट्ट धरून ठेवणाऱ्या छोट्या स्क्रूचे आटे गेले. सळईचे कोपरे झिजून गोल झाले. काकू मला फिरवत, मी फिरे, पण आतली सळई जागची हलत नसे. मग त्या दोन्ही हातांनी मला दाबून धरत आणि हळूहळू वळवत. दार उघडेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

"अहो, या मुठीचं काहीतरी बघा ना," त्या म्हणत.

काका बाहेरच्या बाजूने बहिणीला फिरवत. ती अजून ठणठणीत होती. दार चटकन उघडे. "मला तर बरोबर लागतेय," ते म्हणत. "तुझीच काहीतरी घाई असते. बरं, बघतो."

काका वाईट नव्हते, मित्रांनो. काकूंची औषधं ते न चुकता आणत, कणीक मळून देत, जड कापडाचे गठ्ठे उचलून ठेवत. पण बाहेरून उघडणाऱ्याला आतून उघडणाऱ्याचं दुखणं कळलं नाही. असं करता करता चार वर्षं लोटली. काकूंनी माझ्यावर चिंधी गुंडाळली, म्हणजे पकड येईल. दाराला वीटही लावून ठेवली, म्हणजे ते मिटणारच नाही.

एका दुपारी त्यांनी खोली झाडायला वीट बाजूला सरकवली आणि पुन्हा लावायची राहून गेली. त्या खिडकीशी बसून शेजारच्या मुलीचा फ्रॉक बेतत होत्या. वारा आला आणि दार धाडकन मिटलं.

काकू उठल्या. त्यांनी मला धरलं. मी फिरले, नुसतीच फिरले. त्यांनी दोन्ही हात लावले, चिंधी काढून पाहिली, पदर गुंडाळून पाहिला. मी जीव तोडून सळईला धरायला बघत होते, पण धरायला कोपरेच उरले नव्हते.

"अहो! अहो, दार उघडा!"

काका पुढच्या खोलीत झोपले होते. कानातलं मशीन टेबलावर होतं. काकूंचा फोन स्वयंपाकघरात होता. खिडकीबाहेर एका गोदामाची मागची भिंत होती, तिकडे कुणी फिरकत नसे. काकूंनी कात्रीच्या मुठीने दार ठोकलं. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग त्या स्टुलावर बसल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा माझ्यापाशी आल्या. एक तास गेला, दोन गेले. त्या येरझाऱ्या घालू लागल्या, मग भिंतीला धरून पाय आवळून उभ्या राहिल्या. मी सगळं पाहत होते. शेवटी त्यांना आवरलं नाही.

सगळ्या गल्लीचे कपडे नीटनेटके करणारी ती बाई ओल्या साडीत उभी राहून रडली. आवाज न करता रडली. मग खाली बसून त्यांनी शिवणातल्या उरलेल्या तुकड्यांनी फरशी पुसून काढली. फुलांचे, रेघांचे, साधे, सगळे तुकडे. त्या वाकड्या बोटांनी.

पाचला काका चहा मागायला आले. बाहेरून बहीण फिरली आणि दार एका झटक्यात उघडलं.

"अगं, आज चहा..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी साडी पाहिली, कोपऱ्यातले ओले तुकडे पाहिले, माझ्यावरून काढून टाकलेली चिंधी पाहिली.

"कुणाला सांगू नका," काकू एवढंच म्हणाल्या आणि भिंतीच्या कडेकडेने न्हाणीघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच काका हार्डवेअरवाल्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी आम्हा दोघींना काढून पिशवीतून नेलं होतं. सळईवरून उतरलो तेव्हा आम्ही बहिणी इतक्या वर्षांनी समोरासमोर आलो. तिचं अंग अजून चकचकीत होतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"हिच्या जागी दुसरी हवी," काका म्हणाले. "घरात हात दुखणारं माणूस आहे."

"मग गोल नकोच," दुकानदार म्हणाला. "ही आडव्या दांडीची घ्या. पकडायला लागत नाही, नुसती खाली दाबायची. कोपरानेसुद्धा उघडते."

काकांनी मशीन कानात नीट बसवलं. "कोपराने? हे नवीन निघालंय का?"

"छे हो काका, मी दुकान टाकलं तेव्हापासून विकतोय. वीस वर्षं झाली."

काका बराच वेळ ती दांडी दाबत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, "पाच दारं आहेत. पाचही द्या."

दुकानदाराने दाराची जाडी विचारली, काठापासून भोकाचं अंतर विचारलं. काका घरी आले, टेपने मोजून पुन्हा गेले. पुढचे तीन दिवस ते गुडघ्यांवर बसून काम करत होते. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, तेव्हा काड्यापेटीच्या काड्या गोंदात बुडवून त्यांनी आत ठोकल्या. पटाशीने लाकूड तासून नवी कुलपं बसवली. न्हाणीघर, स्वयंपाकघर, झोपायची खोली, पुढचं दार. शिवणाची खोली शेवटी ठेवली, कारण तिथे त्यांना सगळ्यात नीट काम करायचं होतं. चौथ्या दिवशी त्या दारासाठी, कुलपाची जीभ जिच्यात अडकते ती चौकटीतली पट्टी कमी पडली, म्हणून ते पुन्हा दुकानात गेले. मला आणि बहिणीला त्यांनी त्या खोलीच्या खिडकीत ठेवलं होतं.

ते परत आले तेव्हा खोलीत शिवणयंत्र नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिके ठसे तेवढे होते.

"मशीन कुठाय?"

"पलीकडच्या गल्लीतली ती शिवण शिकणारी मुलगी आहे ना, तिला दिलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही दुकानात गेलात तेव्हा हातगाडी घेऊन आली होती."

काकांनी पट्टी बसवली, दांडी बसवली, तेलाचे दोन थेंब सोडले. मग दार मिटून घेतलं आणि काकूंना म्हणाले, "बघ तरी उघडून."

काकूंनी कोपर टेकवलं. दार उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"छान बसवलंत," त्या म्हणाल्या.

"मग मशीन का दिलंस गं? आता तर..."

"कापड बेतताना सारखं लक्ष दाराकडे जातं हो. कात्री चालत नाही." त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. "आणि चार वर्षं मी काय मुठीचं सांगत होते? माझ्या हातांचं सांगत होते."

काका खाली बसले. हातातला पेचकस त्यांनी फरशीवर ठेवला. "बैल गेला आणि झोपा केला मी," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण खोलीत पाऊल टाकलं नाही. आजतागायत टाकलेलं नाही. शेजारच्या मुलीचा अर्धा बेतलेला फ्रॉक काकांनीच घडी घालून परत नेऊन दिला.

मित्रांनो, उद्या भंगारवाला येणार आहे. आम्हाला तो वितळवायला देईल. मला त्याचं दुःख नाही. पितळ आहे, पुन्हा काहीतरी होईन. पण वाटतं, माझा एक स्क्रू कुणी वेळेवर बदलला असता, तर एका बाईचं शिवण सुटलं नसतं. तुमच्या घरातही कुणीतरी दारापाशी, नळापाशी, डब्याच्या झाकणापाशी जरा जास्त वेळ थांबत असेल. तक्रार अगदी हळू आवाजात करत असेल. तुमच्या हाताला ती वस्तू बरोबर लागते, म्हणून ती बरोबर आहे असं समजू नका. उठा, त्या माणसाच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि दार तिथून उघडून बघा.