चढावरच्या गल्लीत पाणी कसं चढणार?

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तुमचे आजोबा सरपंचपदाला उभे आहेत. सभेत तुम्ही गावातल्या पोरांसोबत अगदी पुढे, सतरंजीवर बसला आहात आणि तुमच्यावर एकच काम सोपवलंय: आजोबांनी हात वर केला की टाळ्या वाजवायच्या. तुम्ही वाजवल्या की मागची मोठी माणसंही वाजवणार. आता सांगा, त्या सभेत वजन कोणाचं जास्त, आजोबांचं की तुमचं?

अचलपूरजवळच्या एका गावातल्या आचलला याचं उत्तर बरोब्बर ठाऊक होतं.

तिचं घर चढावरच्या गल्लीत. खालच्या गल्लीत नळ धो धो वाहायचे, वर मात्र करंगळीएवढी धार. आचलचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरेपर्यंत शाळेची एसटी निघून जायची. तिचे आजोबा खुशालराव त्याच पाण्यानं आंघोळ करायचे आणि भाषणात सांगायचे, "घरोघरी पानी आणू!"

सभेआधी तिनं विचारलं, "आबा, आपल्या गल्लीत पानी चढन कसं?"

"तू टाळ्या वाजव माय. बाकीचं मी पाहून घेतो."

"बरं," आचल म्हणाली. इतक्या गुणी मुलीसारखी म्हणाली, की आबांना तेव्हाच संशय यायला हवा होता. सतरंजीवर तिनं कानोकानी निरोप फिरवला: कसं ते सांगितल्याशिवाय कोणी टाळी वाजवायची नाही.

"मी निवडून आलो, का घरोघरी पानी!" खुशालराव गरजले आणि त्यांनी हात वर केला.

सगळं चिडीचूप. पोरांचे हात मांडीखाली. एक बकरी तेवढी ओरडली.

आबांनी हात आणखी उंच केला.

"काका, एसटी थांबवून राहिले का?" मागून पिंटू ओरडला आणि हशा पिकला.

आचलच्या गल्लीतल्या पार्बताबाई उभ्या राहिल्या. "भाऊ, पानी आणसान तं खरं, पन चढावर चढन कसं?"

"विकास झाला का आपोआप चढते!"

"विकास काय मोटरपंप आहे काय?"

आबांनी आचलकडे पाहून डोळे वटारले. आचल आभाळातले ढग पाहू लागली. एकही ढग नव्हता.

शेवटी आबांनी भाषणाचा कागद खिशात कोंबला, घाम पुसला आणि अडखळत बोलू लागले. "टाकी भरली असते तवा पान्याले जोर असते. तवा खालचा व्हॉल्व बंद करून पयलं पानी वर सोडू."

"अन आमी काय तोंड पाहत बसू?" खालच्या गल्लीतला मनोज उसळला.

"एक दिवस तुमी पयले, एक दिवस थे वरचे. पुढच्या साली निधी आला का चढासाठी वेगळी पाइपलाइन टाकू."

"अन नाई आला तं?"

"तं पाळी चालूच राहीन. पाळी मोडली, तं पयले माया घरचा नळ बंद करजा!"

मनोजनं मान खाजवली. "हे जमते," म्हणत तो खाली बसला. आता कुठे आचलनं हात बाहेर काढले आणि टाळ्या अशा कडाडल्या की आबाच दचकले.

सुटलो एकदाचा, असं आबांना वाटलं. तेवढ्यात चावडीकडून दुसऱ्या उमेदवाराचा, महादेवरावांचा भोंगा ऐकू आला: "घरोघरी पानी!"

आचलनं कपडे झटकले, पोरांना खूण केली आणि सगळ्यांना घेऊन ती चावडीकडे धूम पळत सुटली.