गंगा प्यायलेली मॉरिस

मी सुबोधची मॉरिस मायनर बोलतेय. खरं तर अर्धीच बोलतेय. बाकीची अर्धी कुठे गेली, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

जन्म विलायतेतला, पण आयुष्य गेलं घाटकोपरला. सुबोधचे वडील मधुकरराव मला लहान मुलीसारखी न्हाऊ घालायचे आणि बायकोला, सुंदराबाईंना, शेजारी बसवून पवईला फिरवून आणायचे. ते गेले आणि मी आवारात ताडपत्रीखाली पडून राहिले. मागच्या सीटवर मांजर व्याली, तेवढीच सोबत.

मग इमारत पुनर्विकासाला निघाली. मला ठेवायला जागा उरणार नव्हती. अंधेरीचा एक हॉटेलवाला मला मागत होता, कापून काउंटर करायला. कापून! माणसं हे चहा पिता पिता बोलतात, याचाच मला धक्का बसला. सुंदराबाई हटून बसल्या, तेव्हा सुबोधने त्यांना शब्द दिला. मुलुंडला रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथली फेरी मी पुरी केली, तर तो भाड्याने जागा घेऊन मला ठेवणार होता.

शनिवारी सुबोध आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र भीमराज माझ्याखाली शिरले. कार्बोरेटर धुतला, प्लग घासले, ब्रेक आवळले. संध्याकाळी मी अशी सुरू झाले की वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली.

"झकास," भीमराज म्हणाला. "आता ही कोकणात पण जाईल."

मला वाटलं, वाचले मी.

रविवारी सकाळी मला मुलुंडला न्यायला टेम्पो येणार होता. भीमराजने कॅनमधून पेट्रोल ओतलं आणि टाकीचं झाकण उघडंच ठेवून दोघं चहाला वर गेले. तेवढ्यात सुंदराबाई खाली आल्या. हातात देव्हाऱ्यातला गंगेचा गडू, मधुकररावांनी काशीहून आणलेला, इतकी वर्षं कुणी न उघडलेला. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. इथवर ठीक होतं. मग त्या मागच्या बाजूला आल्या.

"घे गो बाय, ह्यांनी आणलेली गंगा आहे," म्हणाल्या आणि अख्खा गडू माझ्या पेट्रोलच्या टाकीत ओतला.

मी हादरले. ओरडायला हॉर्न होता, पण तो दाबायला माणूस लागतं. आपल्याकडे गंगा कुणाच्या तोंडात घालतात, ते मला ठाऊक होतं. बाईंनी झाकण नीट लावलं, पदराने पुसलंसुद्धा.

मुलुंडला टेम्पोतून उतरले आणि नळीत जुनं पेट्रोल होतं तोवर मैदानात चालले. मंडपासमोर आले आणि घशात पाणी आलं. दोन आचके दिले आणि थांबले. सुबोधने स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली, भीमराजने कार्बोरेटर पुन्हा खोलला. टाकीत बघायचं कुणालाच सुचलं नाही, ती तर सकाळीच भरली होती. मागच्या गाड्या वळसा घालून पुढे गेल्या. सुबोधने तिथूनच हॉटेलवाल्याला फोन लावला.

सोबत आलेल्या सुंदराबाई वाकून माझ्या कानाशी, म्हणजे आरशाशी, हळूच बोलल्या, "गंगा पाजली म्हणून इथवर तरी आलीस गं."

आता मी अंधेरीत काउंटर आहे. बॉनेटवर सरबताचे ग्लास ठेवतात. सुंदराबाई एकदा आल्या होत्या. माझ्या दिव्यावरून हात फिरवत राहिल्या, ग्लासाला तोंडही लावलं नाही.

तुम्हाला त्या कधी भेटल्या, तर माझ्यासाठी एवढंच करा. हे त्यांना सांगू नका.